पेटीत साप नको: बेळगाव भागात सरपटणाऱ्या प्राण्यांचा शैक्षणिक कार्यक्रम कसा उभा करावा

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सापांबद्दल बोलायचं म्हटलं की गर्दी जमवावी लागत नाही. भाताची मळणी, उसाची तोडणी, तंबाखूची वखार, जंगलाला लागून असलेली जांबोटी-कणकुंबीकडची घरं, सगळीकडे साप रोजच्या वाटेवर आहे. शाळांनाही कार्यक्रम हवे असतात. अडचण सुरुवातीच्या कल्पनेतच असते. कार्यक्रम म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो हातात नाग धरून उभा असलेला वक्ता आणि समोर टाळ्या पिटणारी मुलं. तो कार्यक्रम कायद्यात बसत नाही, त्याला विमा मिळत नाही, आणि मुलांना शिकवायचं त्याच्या नेमकं उलट शिकवलं जातं. म्हणून प्राणी कोणते हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. कागदपत्रं आणि विमा त्याच्या उत्तरावर ठरतात.

आपला साप आपला नसतो

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला, बंदिस्त ठेवलेला किंवा मेलेला सापडलेला रानटी प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता असते. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. ‘आम्ही मारला नाही, फक्त दाखवायला धरला’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. नाग, घोणस, धामण, दिवड, अजगर, घोरपड, स्टार कासव हे सगळे आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा ठरला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. बिनविषारी धामण तरी चालेल, असं समजणारे बरेच भेटतात. ती चालत नाही.

शिक्षणासाठी परवानगीची वाट कलम १२ मध्ये आहे, पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. गावोगावच्या शाळांत फिरणाऱ्या चार-पाच जणांच्या गटासाठी ती वाट व्यवहारात नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नागपंचमीची एवढी जुनी परंपरा, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक आणि खेळ बंद झाले. परंपरेला मिरवणुकीसाठी आणि खेळासाठी जी सूट मिळाली नाही ती आपल्या पॉवरपॉइंटला मिळेल असं धरून चालू नये.

दुसरा धोका सर्पमित्रांचा आहे, आणि तो चांगल्या मनाने केला जातो. सकाळी घरातून पकडलेला साप सोडायला जाताना वाटेवरच्या शाळेत दहा मिनिटं दाखवायचा. बचाव आणि प्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन खात्याला कळवून केलेली सुटका प्रदर्शनाची परवानगी देत नाही. आधीच घाबरलेला, बरणीत तापलेला साप पन्नास मुलांसमोर नेणं हे त्याच्याही जिवावर येऊ शकतं. आपल्या गटात सर्पमित्र असेल तर पहिल्याच बैठकीत ठरवून टाका की कार्यक्रमाच्या दिवशी त्याच्या गाडीत साप असणार नाही.

तिसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. कायद्यातल्या प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत ‘स्थिर किंवा फिरतं’ असे शब्द आहेत. लोकांना दाखवण्यासाठी बंदिस्त प्राणी घेऊन फिरणं म्हणजे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहणं. तिकीट लावून प्राणी दाखवला तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणीही लागते.

मग योग्य प्राणी कोणते?

पहिल्या वर्षी एकही जिवंत प्राणी सोबत नेऊ नका. सुरुवात करणाऱ्याला हा सल्ला कमी वाटतो, पण कार्यक्रमाला त्याने काही कमी पडत नाही. शाळेच्या भिंतीवर पाल असते, कुंपणावर सरडा असतो, पावसाळ्यात व्हरांड्यात सापसुरळी येते. हात न लावता, पाच पावलांवरून, दहा मिनिटं त्यांच्याकडे बघायला लावा. पाल काचेवर कशी चालते, सरड्याच्या गळ्याचा रंग कधी बदलतो, उन्हात तो किती वेळ बसतो हे मुलं स्वतः लिहून काढतात. मोठे प्राणी जिवंत दाखवायचेच असतील तर भूतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात सहल न्या. सरपटणाऱ्यांपैकी सध्या काय बघायला मिळेल ते आधी फोन करून विचारा, मग बस ठरवा.

परदेशी पाळीव प्राण्यांचा मोह नंतर येतो. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हे सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. प्राणी हस्तांतरित झाला, पिल्लं झाली, मेला, प्रत्येक वेळी कळवावं लागतं. विकणारा ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाला की तिथेच उठावं. मागाहून येणारा कागद बहुधा येत नाही आणि गुन्हा मात्र ज्याच्या घरात प्राणी सापडतो त्याच्यावर लागतो.

कागद पक्के असलेला प्राणी घ्यायचाच झाला तर बॉल पायथन त्यातल्या त्यात शांत आहे. पूर्ण वाढलेला साधारण एक ते दीड मीटर. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २६ अंश तापमान थर्मोस्टॅट लावून राखावं लागतं. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात आणि वीज जाते. इन्व्हर्टर नसेल तर हा प्राणी घेऊ नये, कारण गारठलेल्या सापाला अन्न पचत नाही आणि श्वसनाचा संसर्ग लवकर होतो. खाऊ घातल्यावर ४८ तास हाताळायचं नाही. नवा आणलेला साप किमान ६० दिवस वेगळा ठेवायचा. दिवसाला एकापेक्षा जास्त शाळा करायची नाही. आणि तो कार्यक्रमात नेण्यापूर्वी जिल्ह्याच्या उप वनसंरक्षकांचं लेखी उत्तर हातात हवं.

लाल कानाचं कासव, बाजारात ‘चायनीज कासव’ म्हणून मिळणारं, मात्र अजिबात नको. ते साल्मोनेला पसरवतं, आणि कंटाळा आला की लोक ते तळ्यात सोडतात. तिथे ते स्थानिक कासवांच्या जागेवर बसतं.

कोणताही सरपटणारा प्राणी हाताळायला दिला तर ५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईंना आणि आजारी माणसाला हात लावू देऊ नये, आणि बाकी सगळ्यांनी साबणाने २० सेकंद हात धुवावेत. सॅनिटायझर त्याला पर्याय नाही. शाळेत नळाला पाणी नसेल तर त्या दिवशी प्राणी पेटीबाहेर काढू नका.

नमुने: जिथे पैसा घालावा

जिवंत प्राणी नाही म्हटल्यावर कार्यक्रमाचा सगळा भार नमुन्यांवर येतो. बाजारातले रबरी साप निरुपयोगी आहेत. त्यांचे रंग खोटे, जाडी खोटी, आणि मुलं ते एकमेकांच्या अंगावर फेकतात. सुती कापडाचे, प्रत्यक्षाच्या मापाचे साप शिवून घ्या. गावातला कोणताही शिंपी एका दिवसात चार शिवतो.

घोणशीसाठी १२० सेंटीमीटर लांब आणि २२ सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. शिवल्यावर मध्यभागी सहा-सात सेंटीमीटर जाडी येते. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपूट टोकाकडे निमुळती. मण्यारीला १०० सेंटीमीटर लांब, १० ते ११ सेंटीमीटर रुंद. नागाला १३० लांब, १४ रुंद, आणि फण्यासाठी मानेच्या दोन्ही बाजूंना जादा कापड. फुरशाला फक्त ४० सेंटीमीटर लांब, ८ रुंद. फुरसे मुलांच्या हातात दिलं की हमखास एकजण म्हणतो, ‘एवढंच?’ बस्स, तिथेच थांबा आणि सांगा की एवढंसंच असतं म्हणून पाय पडतो. याच पद्धतीने, ज्याच्या त्याच्या मापाचे, धामण, कवड्या, डुरक्या घोणस आणि छोटा अजगर हे बिनविषारी सापही शिवा. आठ नमुने पुरेत.

भरायला लाकडाचा भुसा आणि बारीक वाळू निम्मी निम्मी. नुसता भुसा भरला तर साप हलका, खेळण्यासारखा वाटतो. नुसती वाळू भरली तर शिवण उसवते. भुसा दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर पावसाळ्यात आतून बुरशी येते आणि ऑगस्टपर्यंत नमुना कुजका वास मारू लागतो. रंग कापडाचे, ॲक्रिलिक. एक कोट देऊन २४ तास सुकवा, मग नक्षी काढा.

नक्षीत चूक झाली तर सगळा खटाटोप वाया, म्हणून इथे घाई नको. मण्यार काळी चमकदार, पांढरे बारीक आडवे पट्टे बहुधा जोडीने, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट. मुलांना एवढं एकच वाक्य द्या: ‘मण्यारीचे पट्टे मागून पुढे विरतात, कवड्याचे पुढून मागे.’ घोणशीच्या अंगावर साखळीसारखे लंबगोल ठिपके तीन रांगांत असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले. डुरक्या घोणशीची शेपूट फारच आखूड, घोणशीची त्यापेक्षा लांब आणि निमुळती. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलणं ही या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ओळख पटली नाही तर विषारी समजून दूर राहायचं, हेही त्याच दमात सांगा, कारण ओळख शिकवली की मुलांना ती पारखून बघायची खुमखुमी येते.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत, चापडा या विषारी सापाची वेगळी चित्रं लागतात. हिरवा चापडा आणि हिरवाच हरणटोळ यांची गल्लत तिथे रोजची. भीमगड अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत नागराजाचाही, म्हणजे किंग कोब्राचा, विषय निघतो, तयारी ठेवा.

फलक ३ फूट बाय ६ फूट, उभे, चार. त्यापेक्षा मोठे दुचाकीवरून नेता येत नाहीत. प्रत्येक सापाचं नाव मराठीत आणि कानडीत. नाग म्हणजे नागरहावु, मण्यार म्हणजे कट्टुहावु, घोणस म्हणजे कोळकु मंडल, फुरसे म्हणजे गरगस मंडल, धामण म्हणजे केरेहावु, अजगर म्हणजे हेब्बावु, घोरपड म्हणजे उडा. हे केवळ शिष्टाचारासाठी नाही. अथणी-हुक्केरीकडच्या दवाखान्यात रात्री ड्युटीवर असलेल्या नर्सला ‘घोणस’ कळेलच असं नाही. कानडीत नुसतं ‘मंडल’ म्हटलं तर घोणस की फुरसे हेही उमगत नाही.

कात दाखवायची हौस असेल तर सापडलेली कात परस्पर गोळा करून पेटीत भरू नका. वलय अरण्याधिकाऱ्यांना, म्हणजे आरएफओंना, लेखी कळवून मगच ठेवा.

गट, नोंदणी आणि परवानग्या

शाळेत एका वेळी तीन जण लागतात. एक बोलणारा, एक नमुने सांभाळणारा, एक फक्त मुलांवर लक्ष ठेवणारा. दोघांत भागवलं की तिसऱ्याचं काम कुणीच करत नाही. निदान एकाला अस्खलित कानडी यायला हवी.

व्यक्तीच्या नावाने कार्यक्रम करता येतात, पण विमा आणि सरकारी शाळा या दोन्हींसाठी नोंदणीकृत संस्था असलेली बरी. सोसायटी करायची तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली, न्यास करायचा तर उपनिबंधक कार्यालयात न्यासपत्र. संस्थेच्या उद्देशांत ‘वन्यजीव शिक्षण व सर्पदंश प्रतिबंध’ असे शब्द घाला. ‘सर्प बचाव व प्रदर्शन’ असं लिहिलंत तर विमा कंपनी तेच वाक्य धरून बसते.

सरकारी शाळांसाठी अर्ज बीईओंकडे, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे. बरेच तालुके घ्यायचे असतील तर थेट उपसंचालकांकडे. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यामुळे निपाणीच्या शाळेचा अर्ज बेळगावात दिला की तो महिनाभर फिरत राहतो. अर्ज कानडीत, सोबत मराठी प्रत. त्यात चार गोष्टी ठळक हव्यात: जिवंत प्राणी आणणार नाही, शुल्क किती किंवा नाही, विमा पॉलिसीचा क्रमांक, आणि कार्यक्रमाचा आराखडा. अर्जाची प्रत वन खात्याच्या वलय कार्यालयातही द्या आणि पोच घ्या. खात्याकडून एखादा वनरक्षक हजर राहिला तर उत्तमच, मुलं त्याला प्रश्न विचारतात आणि गावाला तो माणूस ओळखीचा होतो.

सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लज, मिरजेकडे बोलावणी येतील. भाषा तीच असली तरी राज्य बदलतं. शिक्षण खातं, वन खातं दोन्ही वेगळी, बेळगावचं पत्र तिथे चालत नाही.

विमा: कोणती पॉलिसी, कोणते शब्द

विमा कार्यालयात जाऊन ‘पब्लिक लायबिलिटी हवी’ म्हटलं की एक घोळ हमखास होतो. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी ही घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते. ती आपल्या कामाची नाही. आपल्याला हवी ती ‘पब्लिक लायबिलिटी, बिगर औद्योगिक जोखीम’. तिचा हप्ता दोन आकड्यांवर ठरतो, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची एकूण मर्यादा. सुरुवातीला एका अपघाताला २५ लाख आणि वर्षाला ५० लाख मागून दोन कंपन्यांची दरपत्रकं घ्या. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णाचा खाजगी रुग्णालयातला खर्च आणि नंतरचा कोर्टाचा खर्च डोळ्यांसमोर ठेवला की पाच लाखांची मर्यादा का पुरत नाही ते कळतं. हप्त्यावर जीएसटी वेगळा.

प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये कामाचं वर्णन नेमकं लिहा: ‘शाळा, पंचायत व शेतकरी गटांत सरपटणाऱ्या प्राण्यांविषयी व्याख्यान, कापडी नमुने व फलकांसह, जिवंत प्राण्यांशिवाय.’ वर्षाला अंदाजे किती कार्यक्रम, एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं, कुठल्या जिल्ह्यांत, मोकळ्या जागेत की खोलीत, आधी काही अपघात झाला होता का. महाराष्ट्रात जाणार असाल तर तेही. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळीच बाहेर येते.

या पॉलिसींत बहुतेक वेळा एक अपवाद असतो, कायद्याचं जाणूनबुजून उल्लंघन. म्हणजे परवानगीशिवाय नाग दाखवताना कुणाला चावला तर कंपनी एक पैसाही देणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही. दुसरा मुद्दा, ही पॉलिसी तिऱ्हाइतांसाठी आहे. आपले स्वयंसेवक तिऱ्हाईत नाहीत. त्यांच्यासाठी गट वैयक्तिक अपघात विमा वेगळा घ्या आणि सर्पदंश त्यात धरला आहे की नाही ते लेखी विचारा. पगारी माणूस ठेवला तर कर्मचारी नुकसानभरपाईसाठी (पूर्वी १९२३ चा कायदा, आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२०) आणखी एक पॉलिसी.

एजंटला तोंडी विचारू नका, ईमेल करा. विचारायचं ते असं: शाळेचं नाव सहविमाधारक म्हणून घालता येईल का, नमुना लागून किंवा धावपळीत पडून मूल जखमी झालं तर धरता का, शाळेच्या आवारात त्याच वेळी रानटी साप निघाला आणि कुणाला चावला तर काय, प्रत्येक दाव्यात आपण किती रक्कम भरायची, चुकीचं प्रथमोपचार शिकवल्याचा आरोप आला तर त्याला वेगळी व्यावसायिक जबाबदारीची पॉलिसी लागते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘हो’ असतं, आणि आपलं काम शिकवण्याचंच आहे म्हणून तो खर्च टाळू नये.

या पॉलिसी बहुतेक ‘दावा केव्हा केला’ या पायावर चालतात. घटना या वर्षी आणि दावा पुढच्या वर्षी आला तर चालू पॉलिसी आणि तिची मागे लागू तारीख, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या घटना धरल्या जातात ती, दोन्ही बघितली जातात. म्हणून नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका, आणि कंपनी बदलताना जुनी मागे लागू तारीख कायम ठेवून घ्या. हप्ता जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. ‘चेक दिलाय, उद्या कार्यक्रम करा’ यावर विसंबू नये. तक्रार अडली तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे.

पालकांचं संमतिपत्र घ्या, पण ते म्हणजे विमा नव्हे. ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापून निष्काळजीपणातून सुटका होत नाही. त्याचा खरा उपयोग मुलाला काही आजार, औषधाची ॲलर्जी आहे का हे कळण्यापुरता.

शाळेतला पाऊण तास

एका वेळी पन्नासपेक्षा जास्त मुलं नकोत. पाचवी ते सातवी हा सर्वांत चांगला गट. आल्याबरोबर नमुने झाकून ठेवा. पहिली पाच मिनिटं मुलांनाच विचारा, घरी कोणकोणत्या सापांची नावं घेतात. फळ्यावर मराठी एका बाजूला, कानडी दुसऱ्या बाजूला. मग दहा मिनिटं चार विषारी सापांचे नमुने, एकेक करून, हातोहात, फेकाफेकी दिसली की लगेच पेटीत. पुढची पाच मिनिटं सारख्या दिसणाऱ्या जोड्या: मण्यार-कवड्या, घोणस-अजगर, घोणस-डुरक्या घोणस.

त्यानंतर प्रथमोपचार, आणि याला सर्वांत जास्त वेळ द्या. एका मुलाला बाकावर बसवा, त्याच्या पायाला दोन लाकडी पट्ट्या आणि ओढणीने आधार बांधायला लावा. बांधणी सैल, बोट आत जाईल इतकी. अंगठी, बांगड्या, पैंजण काढायचे, कारण सूज आल्यावर ते रुतून बसतात. करकचून दोरी, ब्लेड, तोंडाने विष ओढणं, बर्फ, मिरची खायला देऊन चव बघणं यातलं काहीही नाही. चालवायचं नाही, उचलून न्यायचं. एका मुलीला कानडीतून १०८ वर बोलायचा सराव करायला लावा: गाव, ठिकाण, किती वाजता चावला. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. फोटो सुरक्षित अंतरावरून मिळाला तर ठीक, नाहीतर नको.

मण्यारीबद्दल दोन वाक्यं जास्त बोला. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे पित्त समजून ओवा देत बसतात. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्यावर यातले बरेच दंश टळतात.

प्रतिविषाच्या बाबतीत खरं ते सांगा. भारतात मिळणारं बहुविध प्रतिविष चार प्रमुख सापांवर बनवलेलं आहे. चापड्याच्या विषावर ते बनवलेलं नाही, म्हणून पश्चिमेकडच्या गावांत डॉक्टरांना वर्णन नेमकं सांगावं लागतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जवळच्या तालुका रुग्णालयात फोन करून प्रतिविषाचा साठा आणि रात्रीचा डॉक्टर विचारा. खानापूर ते बेळगाव सुमारे २५ किलोमीटर आहे, कणकुंबीहून त्याच्या जवळपास दुप्पट. रस्ता आणि वेळ नकाशावर काढून फळ्यावर लावा. कर्नाटकाने २०२४ पासून सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली आहे, हे शिक्षकांच्या कानावर घाला.

शेवटची दहा मिनिटं आवारात फेरी. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, कोठारामागचे उंदीर, लाकडांचा ढीग, संडासाच्या पायरीची फट, पाण्याच्या टाकीखालची ओल. मुलांनी मोजून वहीत लिहायचं.

काय बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते कार्यक्रम संपल्यावर. उत्साहात मुलं ओढ्यावर साप शोधायला जातात. म्हणून चिमटा, हुक, पकडायची पिशवी यातलं काहीच शाळेत न्यायचं नाही, गळ्यात साप घातलेला स्वतःचा फोटो फलकावर लावायचा नाही, ‘पकडायचा कसा’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. हे नियम वक्त्याला जड जातात, त्याची हौस तिथेच असते.

घाबरलेलं मूल हा दुसरा प्रकार. मागून अचानक नमुना दाखवून हसवू नका, एका किंकाळीने पन्नास मुलं दाराकडे धावतात. दोन्ही दारं आधीच उघडी ठेवा. घरात कुणाचा सर्पदंशाने मृत्यू झालेला असू शकतो. शिक्षकांना आधी विचारा आणि त्या मुलाला नमुने धरायचा आग्रह करू नका.

नागपंचमीच्या आठवड्यात बोलावणी भरपूर येतात आणि वादही तेव्हाच होतात. पूजेची टिंगल करू नका. वारुळाला हळद-कुंकू वाहिलं तर कुणाचं काही जात नाही. साप दूध पचवू शकत नाही एवढंच सांगा आणि पुढे जा.

उसाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून, शाळांपेक्षा तोडणी मजुरांच्या खोपांवर कार्यक्रम जास्त कामाचा. तिथे पाऊण तास मिळत नाही, संध्याकाळी पंधरा मिनिटं मिळतात. फलक नकोत, चार नमुने, एक बॅटरी आणि प्रथमोपचार एवढंच न्या. बूट नसलेल्या माणसाला बूट घाला असं सांगून उपयोग नसतो. उसाच्या पाल्यात हात घालण्याआधी कोयत्याच्या पाठीने खालचा पाला हलवायला सांगा.

अपघात झालाच तर क्रम असा: मुलाला रुग्णालयात, मग पालक, मग मुख्याध्यापक, त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं. मदत पूर्ण करा, पण ‘चूक आमची, भरपाई देतो’ असं कुणालाही लिहून देऊ नका. तसं लिहून दिलं की कंपनी अंग काढून घेऊ शकते.

प्रत्येक कार्यक्रमाची नोंद एका वहीत: तारीख, शाळा, मुलांची संख्या, हजर शिक्षकाची सही, वापरलेले नमुने, काही घडलं असल्यास दोन ओळी. नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी हीच वही मागते. तीन महिन्यांनी त्याच शाळेत अर्धा तास परत जा आणि मुलांच्या वहीतली फेरीची यादी काढून आवार पुन्हा बघा. लाकडांचा ढीग तिथेच असेल तर मुख्याध्यापकांशी आणि शाळा समितीशी बोला, आणि जमलं तर त्याच दिवशी मोठ्या माणसांनी बूट घालून, काठीने हलवत, तो उचलून टाका.